जुना फ्रिज परत करून नवा ५ स्टार घेतल्यास सरकारी सवलत खरोखर मिळते का?

प्रश्न
कपाशीवाला (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. शेतपंपाचे बिल सध्या सरकार भरत असले तरी घरचे मीटर वेगळे आहे आणि त्याचे बिल आम्हांलाच भरावे लागते. हिवाळ्यात महिन्याला ८५ ते ९० युनिट लागतात, परंतु गेल्या मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे नऊ तापते दिवस) सुरू असताना, तोच आकडा २६४ वर गेला. घरात एका दाराचा १६५ लिटरचा फ्रिज आहे. मोठ्या बहिणीचे लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे २००५ साली, वडिलांनी तो घेतला होता. त्याशिवाय तीन जुने छताचे पंखे, एक लोखंडी कूलर, चोक असलेल्या दोन ट्यूबलाइट आणि एक टीव्ही एवढीच विजेची उपकरणे आहेत.

दिवाळीच्या खरेदीसाठी तालुक्याच्या गावी गेलो असता एका दुकानदाराने सांगितले की जुनी उपकरणे बदलण्यासाठी सरकारने योजना काढली असून, जुना फ्रिज दुकानात जमा केला आणि नवा ५ स्टार घेतला तर किमतीच्या ४० टक्के रक्कम थेट बँक खात्यात येते. त्यासाठी ७०० रुपये नोंदणी शुल्क, आधार कार्ड, पासबुकाची प्रत आणि मोबाइलवर येणारा क्रमांक (ओटीपी) एवढेच लागते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच आशयाचा एक संदेश आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावरही फिरत आहे. मी पैसे भरले नाहीत, पण गावातील चार-पाच जणांनी भरले आहेत.

हे सर्वस्वी खोटे असावे असे म्हणायलाही मन धजत नाही, कारण दिल्लीत राहणाऱ्या माझ्या साडूंनी दोन वर्षांपूर्वी वीज कंपनीमार्फतच जुना एसी देऊन नवा बऱ्याच कमी किमतीत घेतला आणि मुंबईतील मावसभावाकडेही पंखे बदलून घेण्याचे असेच पत्रक आले होते. मग ही सवलत आमच्यासारख्या खेड्यातील ग्राहकालाही मिळते का? मिळत नसेल, तर कापूस विकल्यावर हाती येणाऱ्या पैशांतून आधी कोणते उपकरण बदलावे, आणि जुन्या फ्रिजचे पुढे करायचे काय, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


उत्तर १
जुना वायरमन (जि. वर्धा)

भाऊ, आपण पैसे भरले नाहीत हे उत्तम केले. मी वीज मंडळात लागलो, २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाली आणि तिथूनच निवृत्त झालो. एवढ्या काळात खेड्यातील घरगुती ग्राहकाने जुना फ्रिज जमा करायचा आणि सरकारने त्याच्या खात्यात टक्केवारीने पैसे टाकायचे, अशी एकही योजना आमच्या कार्यालयातून राबवलेली मी पाहिली नाही. राज्य शासनाची योजना असेल तर तिचा शासन निर्णय निघतो, त्याला क्रमांक आणि तारीख असते आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. दुकानदाराला एवढेच विचारा की शासन निर्णयाचा क्रमांक काय आणि ७०० रुपयांची पावती कोणाच्या नावाने मिळेल. मोबाइलवर येणारा क्रमांक तर कोणालाही सांगू नका. ज्यांनी तो सांगितला असेल त्यांनी आजच बँकेत जाऊन खाते तपासावे आणि रक्कम गेली असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता आपल्या साडूंचे आणि मावसभावाचे म्हणणेही खरे आहे, ते कसे हे सांगतो. दिल्लीच्या वीज वितरण कंपन्या एसी बनवणाऱ्यांशी एकगठ्ठा भाव ठरवतात आणि आपल्या ग्राहकाकडून जुना एसी घेऊन त्या भावात नवा देतात. उन्हाळ्यात रात्री सगळ्या शहराचे एसी एकाच वेळी सुरू झाले की कंपनीला महाग वीज विकत घ्यावी लागते आणि रोहित्रांवरही ताण येतो, म्हणून ग्राहकाचा वापर कमी होण्यात तिचाही लाभ असतो. मुंबईतील खासगी वीज कंपन्यांचे कार्यक्रमही त्याच जातीचे आहेत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१० साली मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याचे, विनियम केले आणि तेव्हापासून आयोगाच्या मंजुरीने असे कार्यक्रम करता येतात. परंतु ते त्या त्या कंपनीच्या ग्राहकांपुरते असतात. आपल्या बिलावर महावितरणचे नाव आहे, त्यामुळे मुंबईचे पत्रक दारव्ह्यात चालणार नाही.

आपल्याकडे सरकारने जे केले त्याची रीत निराळी होती. ५ जानेवारी २०१५ रोजी एलईडी दिव्यांची जी योजना सुरू झाली आणि पुढे उजाला या नावाने ओळखली गेली, तिच्यात कोणाच्याही खात्यात अनुदान आले नाही. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या केंद्र सरकारच्या अखत्यारीतील कंपनीने कोट्यवधी दिवे एकाच वेळी मागवले आणि त्यामुळे भाव पडला. २०१४ च्या सुरुवातीला ज्या दिव्याला खरेदीत ३१० रुपये पडत होते, तो दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. वीजबिल दाखवून दिवे घेण्यासाठी लागलेल्या रांगा आमच्या कार्यालयाबाहेर मी स्वतः सांभाळल्या आहेत; एका आजीबाईंनी दिवा हातात घेऊन, ‘एवढ्याशा दिव्यात काय उजेड पडणार,’ असे म्हणून तो परत केला होता आणि आठ दिवसांनी त्या चार दिवे न्यायला आल्या होत्या. देशभर अशा रीतीने ३६ कोटींहून अधिक दिवे गेले. त्याच योजनेत ट्यूब आणि पंखेही होते, मात्र पंख्यांना दिव्यांसारखा उठाव मिळाला नाही.

पुढे मार्च २०२१ मध्ये बिहारमधील आरा येथून ग्राम उजाला सुरू झाली. चालू स्थितीतील पिवळा दिवा जमा करायचा आणि १० रुपयांत तीन वर्षांच्या हमीचा एलईडी दिवा न्यायचा, एका घराला पाच दिव्यांपर्यंत, असे तिचे स्वरूप होते. जुने द्या आणि नवे घ्या हे वाक्य लोकांच्या कानावर बसले ते बहुधा तेव्हापासूनच, आणि आता त्याचाच आधार घेऊन फ्रिजच्या नावाखाली नोंदणी शुल्क गोळा केले जात असावे, असा माझा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने एक कोटी कमी विजेच्या पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला. तिथेही सवलत किमतीतच असते, खात्यात काही जमा होत नाही.


उत्तर २
हिशेबी (जि. अकोला)

वायरमनकाकांनी सवलतीचा प्रश्न निकालात काढला आहे, म्हणून मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आधी काय बदलावे हे उपकरण किती जुने आहे यावरून ठरवू नये. ते दिवसाला किती तास चालते आणि वाचणारे युनिट बिलाच्या कोणत्या टप्प्यातून कमी होते, यावरून ठरवावे.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० या टप्प्याचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. वहन आकार धरून पहिल्या टप्प्याला ६ रुपये आणि दुसऱ्याला ११ रुपये असे गोळाबेरीज आकडे मी हिशेबासाठी घेतो. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. आपण एखादे युनिट वाचवता तेव्हा ते बिलाच्या वरच्या टोकाकडून कमी होते, म्हणजे मे महिन्यात वाचलेले युनिट ११ रुपयांचे असते आणि डिसेंबरात वाचलेले ६ रुपयांचे. विदर्भातील घराने उन्हाळ्यात चालणारी उपकरणे आधी बदलावीत, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

पंखा घेऊ. जुना छताचा पंखा पूर्ण वेगावर साधारण ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी या कमी वीज घेणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो; फरक ४५ वॅटचा झाला. आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर असे आठ महिने, दिवसरात्र मिळून १५ तास पंखा चालतो असे धरले तर ३६०० तास होतात आणि एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. त्यांतील निम्मी मार्च ते जून या चार महिन्यांत ११ रुपयांच्या दराने आणि उरलेली ६ रुपयांच्या दराने मोजली, तर शुल्कासह वर्षाला साधारण १६०० रुपये होतात. पंखा २६०० ते ३००० रुपयांना मिळतो, म्हणजे दोन वर्षांच्या आत त्याची किंमत वसूल होते, आणि तीही कोणत्याही सवलतीशिवाय. हा हिशेब झोपण्याच्या खोलीतील पंख्याचा आहे. बैठकीत पाहुणे आल्यावरच फिरणाऱ्या पंख्याला तो लावू नका, कारण दिवसाला चारच तास चालणाऱ्या पंख्यात वर्षाला जेमतेम ४३ युनिट वाचतात.

चोकच्या ट्यूबचे सांगायला फार नाही. चोकसह ती ५२ वॅटच्या आसपास घेते, एलईडी ट्यूब २० वॅट घेते आणि ती दोन-अडीचशे रुपयांत मिळते. त्या दोन्ही उद्याच बदला.

फ्रिज मात्र विचार करायला लावणारा आहे. वीस वर्षांच्या फ्रिजला दिवसाला १.२ युनिट लागते असे समजू. वर्षाचे ४३८ युनिट झाले. आज त्याच आकाराच्या ५ स्टार फ्रिजच्या लेबलावर वर्षाला १२० युनिटांच्या आसपासचा आकडा असतो. म्हणजे ३१८ युनिट वाचले. चार महिने ११ आणि आठ महिने ६ रुपयांच्या दराने, शुल्कासह हिशेब केला तर वर्षाला २८०० रुपयांच्या जवळपास वाचतात. नवा फ्रिज १७ हजारांचा धरला तर पैसे फिटायला सहा वर्षे लागतील. तोटा नाही, पण घाईही नाही. त्याच १७ हजारांत तिन्ही पंखे आणि दोन्ही ट्यूब येऊन किमान साडेसात हजार रुपये खिशात उरतात.

माझे हे १.२ युनिट अंदाजाचे आहे, आपण घरीच मोजा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि मीटरच्या पट्टीवर किती लुकलुकींना एक युनिट होते तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. घरातील बाकी सर्व बंद ठेवून एकच पंखा पूर्ण वेगाने लावा आणि घड्याळ लावून दिवा मोजा. ३२०० च्या मीटरवर ७५ वॅटचा पंखा मिनिटाला चार वेळा दिवा लुकलुकवील. फ्रिजसाठी ही युक्ती चालत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच थांबतो. त्यासाठी घरातील सर्व जण बाहेरगावी जातील असा एखादा दिवस पाहा, फ्रिज तेवढा चालू ठेवा आणि जाताना व आल्यावर मीटरचे आकडे लिहून घ्या. थंडीतले माप उन्हाळ्याला मात्र लावू नका, कारण स्वयंपाकघरात ४० अंश तापमान असताना हाच फ्रिज बराच जास्त वेळ चालतो.

नवा घेताना नुसत्या ताऱ्यांवर भरवसा ठेवू नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे हे लेबल २००६ पासून आहे आणि त्याचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. लेबलावर कालावधी छापलेला असतो आणि वर्षाचे युनिटही छापलेले असतात. ते दोन आकडे वाचून मगच पैसे द्या. छताच्या पंख्यांना हे लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे, म्हणून तारांकन नसलेला पंखा नवा म्हणून कोणी देत असेल तर तो घेऊ नये.


उत्तर ३
बचत गटातील ताई (जि. भंडारा)

दादा, मी माझा अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्हीही जुना फ्रिज देऊन नवा घेण्याच्या दुकानदाराच्या योजनेत सहभागी झालो होतो. ती सरकारी नव्हती, दुकानाचीच होती. जुन्या फ्रिजचे २००० रुपये वजा करून देतो असे सांगितले होते, परंतु दुसऱ्या गावी चौकशी केली तेव्हा तोच फ्रिज काहीही न देता १५०० रुपयांनी स्वस्त मिळत होता. म्हणजे आमचा फ्रिज त्यांनी ५०० रुपयांत नेला असता. आम्ही दुसऱ्या दुकानातून घेतला, इथपर्यंत शहाणपणाचे झाले. मात्र जुना फ्रिज चांगला चालतो आहे, लग्नकार्यात उपयोगी पडेल, असे सासूबाईंनी म्हटले आणि तो मागच्या खोलीत सुरूच राहिला. उन्हाळ्यात त्यात पाण्याच्या बाटल्या आणि शेजारच्यांचे कुल्फीचे साचे ठेवले जाऊ लागले. नवा फ्रिज घेतल्यावर आमचे बिल कमी होण्याऐवजी वाढले, ते का हे कळायला आम्हांला चार महिने लागले. अखेर जून उजाडल्यावर त्याची वायर काढली; आता त्यात गटाचे पापड आणि कुरड्या असतात आणि त्यांना उंदीर लागत नाहीत.

कूलरबद्दल कोणीच लिहिले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. आपल्या भागात उन्हाळ्याचे बिल वाढवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. आमच्या लोखंडी कूलरचा पंखा आणि पाण्याची मोटर मिळून दोनशे वॅटच्या आसपास घेत असत. वाळ्याच्या ताट्या जुन्या होऊन त्यांवर क्षार बसले की हवा थंड येत नाही आणि माणसे कूलर अधिक वेगाने व अधिक वेळ चालवतात. दरवर्षी ताट्या बदलणे आणि कूलर खिडकीबाहेर ठेवून समोरचे दार थोडे उघडे ठेवणे, एवढ्यानेही आमचा कूलर पहाटे तीनला बंद करता येऊ लागला. आणि त्याला अर्थिंग आहे की नाही हे कृपया तपासून घ्या. दर उन्हाळ्यात आमच्याकडे कूलरचा धक्का लागून कोणी तरी जाते.


उत्तर ४
अमरावतीचा प्राध्यापक

ताईंनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या एकट्या घरची नाही. याच अडचणीत एक संपूर्ण देश सापडला होता. मेक्सिकोने २००९ मध्ये दहा वर्षांहून जुने फ्रिज आणि एसी बदलण्यासाठी रोख सवलत व स्वस्त कर्ज देण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. जुने उपकरण जमा करून मोडीत काढण्याची अट त्यात होती, त्यामुळे जुना फ्रिज मागच्या खोलीत जाण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली. तरीही नंतर अर्थशास्त्रज्ञांनी लाखो घरांची बिले तपासली तेव्हा फ्रिज बदललेल्या घरांचा वापर सरासरी ८ टक्केच घटलेला आढळला, आणि हे प्रमाण आधी बांधलेल्या अंदाजाच्या सुमारे चतुर्थांश होते. एसी बदललेल्या घरांचा वापर तर वाढला होता. नवा एसी कमी वीज घेतो म्हटल्यावर लोक तो जास्त वेळ लावू लागले, आणि नवे फ्रिज जुन्यापेक्षा मोठे व अधिक सोयींचे घेतले गेले. आपल्याकडेही १६५ लिटरच्या जागी दोन दारांचा २६० लिटरचा फ्रिज आणला, तर हिशेबी यांचे गणित त्या दिवसापासूनच चुकायला लागेल.

चीननेही २०२४ पासून जुनी घरगुती उपकरणे बदलणाऱ्यांना किमतीच्या १५ टक्के आणि सर्वांत कार्यक्षम श्रेणीच्या उपकरणाला २० टक्के सवलत, एका वस्तूमागे कमाल २००० युआन, अशी योजना राबवली. तिच्यामागे वीजबचतीइतकाच कारखान्यांच्या मालाला मागणी निर्माण करण्याचा उद्देश होता. आपल्याकडे २०२५ मध्ये दहा वर्षांहून जुने एसी बदलण्यासाठी सवलत देण्याचा विचार केंद्रात सुरू असल्याच्या बातम्या आल्या होत्या. व्हॉट्सॲपवरील संदेशांना त्या बातम्यांनी खतपाणी घातले असणे शक्य आहे. त्या बातम्या एसीच्या होत्या, हे लक्षात ठेवावे. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून एसीवरील आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. फ्रिजवर तो आधीपासूनच १८ टक्के होता, त्यामुळे कर कमी झाल्यामुळे फ्रिज स्वस्त देतो असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, ग्राहकाच्या हातात टक्केवारी देण्यापेक्षा एकगठ्ठा खरेदी करून भाव खाली आणण्याचा मार्ग खेड्यासाठी अधिक न्याय्य आहे. टक्केवारीची सवलत मिळवायची तर आधी पूर्ण किंमत खिशातून द्यावी लागते आणि मग वाट पाहावी लागते. ज्याच्याकडे १७ हजार रुपये एकरकमी आहेत त्यालाच तिचा लाभ होतो. दहा रुपयांचा दिवा कोणालाही घेता आला. मात्र दिव्यांच्या बाबतीत जे साधले ते पंख्यांच्या आणि फ्रिजच्या बाबतीत अद्याप साधलेले नाही, आणि अडीच हजारांचा पंखा तालुक्याच्या दुकानात बाराशेला मिळू लागेपर्यंत खेड्यात तो दिसणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी. २००५ च्या सुमाराच्या फ्रिजमध्ये गारवा आणण्यासाठी बहुधा आर-१३४ए हा वायू असतो. भंगारवाल्याने कॉम्प्रेसरची नळी कापली की तो हवेत जातो, आणि तापमानवाढीच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट घातक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून नवा फ्रिज ज्या कंपनीचा घ्याल तिच्या ग्राहक सेवेला जुना उचलून नेण्याविषयी आधी विचारावे. नव्या फ्रिजमध्ये बहुतेक वेळा आर-६००ए असतो. तो जळणारा वायू आहे, त्यामुळे दुरुस्तीची वेळ आली तर गावातील कोणत्याही कारागिराला नळी कापू देऊ नये.


पुन्हा प्रश्नकर्ता
कपाशीवाला

सर्वांचे मनापासून आभार. तुळशीच्या लग्नानंतर आम्ही सर्व जण दिग्रसला एका लग्नासाठी दोन दिवस गेलो होतो, तेव्हा हिशेबी यांनी सांगितल्याप्रमाणे फ्रिज तेवढा चालू ठेवला. ४८ तासांत मीटर ३ युनिटांनी पुढे गेले. म्हणजे थंडीच्या दिवसांतही हा फ्रिज दिवसाला दीड युनिट घेतो आहे. शंका आल्यामुळे दारात कागद धरून पाहिला, तर तो खालच्या बाजूने सहज निघून आला. रबर कडक होऊन फाटले होते. ते ४५० रुपयांत बदलले आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. पुन्हा घर रिकामे मिळेल तेव्हा मोजून कळवीन.

पंख्यांची गंमत तर वेगळीच निघाली. आमच्याही मीटरवर ३२०० हाच आकडा आहे. दोन पंख्यांना दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकला, पण वडिलांच्या खोलीतील पंख्याला पाच वेळा, म्हणजे तो जवळपास ९४ वॅट घेतो. त्याची मोटर दोनदा जळून नवे वाइंडिंग केलेले आहे. आणि नेमका तोच पंखा घरात सर्वांत जास्त चालतो.

दुकानदाराला शासन निर्णयाचा क्रमांक विचारला, तेव्हा तो वरिष्ठांकडून घेऊन सांगतो असे तो म्हणाला. ज्यांनी पैसे भरले होते ते आम्ही सर्व मिळून गेलो, तेव्हा तिघांचे परत मिळाले, दोघांचे अद्याप राहिले आहेत.

आता एकच विचारायचे आहे. सूर्यघर योजनेत छतावर सौर पॅनल बसवले तर अनुदान खरोखर खात्यात येते, असे ऐकले. मग पंखे बदलण्याऐवजी तेच करावे का? आमचे मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे.


उत्तर ५
जुना वायरमन

ते अनुदान खरे आहे आणि खात्यातच येते. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक असेल तर ७८ हजार रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील घरांना आणि महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्यांना राज्य शासनाचे जादा अनुदान आहे, मात्र मे महिन्यातील आपले २६४ युनिट पाहता त्याची पात्रता उपविभाग कार्यालयात विचारूनच ठरवा. अर्जदाराचे नाव आणि बिलावरचे नाव एकच असावे लागते, म्हणून आजोबांच्या नावावरील मीटर आधी आपल्या किंवा वडिलांच्या नावावर करून घ्या. वारसांचे नाहरकत पत्र लागेल. आत्यांच्या सह्या दिवाळीनंतरच्या माहेरपणात घेता आल्या असत्या, आता संक्रांतीला पाहा. तोपर्यंत पंखे बदला, कारण वापर कमी झाला की पॅनलही लहान पुरते.

वडिलांच्या खोलीतील पंखा आधी बदला. बीएलडीसी पंखा विजेच्या कमी दाबावरही चांगला फिरतो, आणि आपल्याकडे संध्याकाळी शेतपंप सुरू झाल्यावर दाब किती पडतो हे आपणांस ठाऊकच आहे. इन्व्हर्टर असेल तर त्यावरही तो दुपटीहून अधिक वेळ टिकतो. फक्त तो बसवताना भिंतीवरील जुना रेग्युलेटर काढून तारा थेट जोडून घ्या. रेग्युलेटर तसाच ठेवला आणि घरात कोणी सवयीने तो फिरवला तर पंख्याचे सर्किट खराब होते आणि कंपनी त्याची हमी मानत नाही. रिमोटला दोरी बांधून तो वडिलांच्या खाटेजवळच्या खिळ्याला अडकवा.